शकुनच्या कपाळावरची राख

१४ फेब्रुवारी २०२४, बुधवार. सरस्वती पूजा, सगळ्यांना सुट्टी. सकाळपासून गेटाबाहेर पिवळ्या साड्यांतल्या मुलींची ये-जा. शकुन १०.५० ला आली. दिगंबररावांची जखम आज साडेतीन बाय तीन. पट्टी झाल्यावर शैलाने शकुनकडे अंगारा मागितला. शकुनने खरं सांगितलं. उद्यापासून तिचं येणं बंद. खालच्या मंडपातून खिचडी आली होती, खाल्ली नाही.

डायरीत त्या दिवशीचं एवढंच आहे. आता सविस्तर लिहिते, कारण शकुन पंडितबद्दल दुसरं कोणी काही लिहील असं मला वाटत नाही.

शकुन मूळची श्रीरामपूरकडची. तिथल्या मिशनच्या इस्पितळात ती नर्सिंग शिकली. लग्नानंतर, एकोणऐंशी साली, नवऱ्याबरोबर कलकत्त्याला आली. नवरा, मधुकर, रेल्वेत फिटर होता. मूल झालं नाही. मधुकर गेल्यावर ती गावी परत जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती गेली नाही. शहराच्या दक्षिण टोकाला, बेहाल्यात, एका पंखेदुरुस्तीच्या दुकानावर तिची एक खोली आहे. एका खासगी नर्सिंग होममधून ती निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने जे काम सुरू केलं ते अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं. पाठीला, कमरेला, टाचांना जखमा झालेली माणसं. घरातलेही ज्यांच्याजवळ नाक दाबून जातात, अशी. त्याचे ती काही घेत नाही. चहा घेते, तोही बिनदुधाचा.

तिच्याकडे दोन कुकर आहेत. एकात डाळभात आणि दुसऱ्यात पट्ट्या. पट्ट्यांची गॉझ कापून, घड्या घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरते आणि डबा कुकरमध्ये ठेवून वाफ देते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "अगं, कधी चुकून अदलाबदल झाली तर?"

"एकदा झाली," ती म्हणाली. "डाळ अगदी निर्जंतुक होती."

माझे यजमान सदाशिव दोन हजार एकोणीस साली चार महिने अंथरुणावर होते. तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या कोणीतरी मला तिचा नंबर दिला. बेहाल्याहून बसने सियालदह आणि तिथून पुढे सॉल्ट लेकला माझ्याकडे, असा तिचा एका बाजूचा दीड तास. पुढे मेट्रो आली म्हणून थोडं बरं झालं. सियालदहला उतरली की घाऊक बाजाराच्या मागे एका हमालाच्या पायाची पट्टी करायची आणि मग माझ्याकडे यायची. एक दिवस तो हमाल जागेवर नव्हता. नंतरही कधी दिसला नाही. आजूबाजूला कोणालाच त्याचं काही माहीत नव्हतं. तरी बरेच दिवस ती तिथे जाऊन पाच मिनिटं उभी राहत असे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. अकरा वर्षं नन्सच्या हाताखाली काढली. सेवा या विषयावर बरंच ऐकलं होतं. म्हणून एकदा तिला विचारलं, हे सगळं तू का करतेस?

"आमच्यात मानतात, आजाऱ्याकडे गेलं म्हणजे प्रभूकडेच गेलं," ती म्हणाली. मग पट्टीची घडी घालत, "पण खरं सांगू का वैशालीताई? जखम उघडली की मला प्रभूबिभू काही आठवत नाही. जखमच दिसते."

सदाशिव गेले ते स्वच्छ पाठीने गेले.

आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर आगाशे राहतात. दिगंबरराव बँकेतले अधिकारी. बदलीवर आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. त्यांची पत्नी शैला माझी तीस वर्षांची मैत्रीण. मुलगा उन्मेष बंगळूरला. तेवीसच्या ऑगस्टमध्ये दिगंबररावांना अर्धांगाचा झटका आला. दिवाळीच्या आधी शैला माझ्याकडे येऊन रडली. पाठीखाली, माकडहाडाशी, जखम झाली होती आणि तिला ती बघवत नव्हती.

मी म्हटलं, माझ्याकडे एक माणूस आहे.

"कोण आहे? नाव काय?" शैलाने विचारलं.

"शकुन पंडित. आपल्याकडचीच आहे, मराठी."

"पंडित म्हणजे देशस्थ ना?"

मी "हो" म्हटलं.

ह्या एका शब्दाचं स्पष्टीकरण मी पुष्कळदा स्वतःला दिलं आहे. शैलाचं सोवळंओवळं मला ठाऊक होतं. तिच्या स्वयंपाकघरात कामवाल्या बाईला प्रवेश नव्हता. नगरकडे ख्रिस्ती लोकांत पंडित आडनाव असतं, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि ते सांगत बसलं तर चार दिवस जातील, जखम तेवढी खोल जाईल, असं मला वाटलं. सहा नोव्हेंबरला, सोमवारी, शकुनला मी तिच्या दारात नेलं. शकुनला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवशी जखम सहा बाय पाच सेंटीमीटर होती आणि बोटाचं पेर आत जाईल इतकी खोल. शकुन प्लास्टिकचा पातळ स्वच्छ तुकडा जखमेवर धरी आणि पेनने तिची कड काढी. तो तुकडा पुसून, तारीख घालून मला देई. मी मापं डायरीत उतरवी. नोव्हेंबरअखेर साडेपाच बाय साडेचार. नाताळच्या आदल्या आठवड्यात पाच बाय चार. भिंतीवर तिने एक कागदी घड्याळ चिकटवलं होतं: दर दोन तासांनी कूस, डावी, पाठ, उजवी. शैला गजर लावून रात्रीसुद्धा उठत असे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे तिच्याबद्दल जे लिहायचं आहे त्यावरून कोणी तिला निष्काळजी समजू नये.

दिगंबररावांचं बोलणं अडखळत आणि अर्धवट येई, पण येई. ते शकुनला मेट्रन म्हणत.

"भाऊ, आता डाव्या कुशीला," शकुन म्हणायची.

"ह्या वयात... बदली," ते म्हणायचे. "अर्ज... न करता."

काम झालं की शकुन पलंगाच्या पायथ्याशी दांडीवर हात ठेवून मिनिटभर उभी राही. शैलाने एकदा विचारलं, "रामरक्षा म्हणता का हो?"

"नाही, आमचं दुसरं आहे," शकुन म्हणाली. शैलाला वाटलं, कुळाचं काही स्तोत्र असेल. मी तिथेच होते. तेव्हाही मी बोलले नाही.

जानेवारीत डॉक्टर जखम बघून म्हणाले, अशीच भरत राहिली तर एप्रिलमध्ये ह्यांना खुर्चीत बसवता येईल. शैलाने त्या दिवशी साखरभात केला. शकुनला ताट वाढलं आणि बळेच खायला लावलं.

त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपासांचा पहिला दिवस, आणि सरस्वती पूजा एकाच दिवशी आली. शकुन नेहमी आधी माझ्याकडे यायची, चहा घ्यायची, मग खाली जायची. त्या दिवशी दार उघडलं तर तिच्या कपाळावर राख. सकाळचा मिसा, चर्चमधली प्रार्थना, करून आली होती. आमच्या शाळेत त्या दिवशी सगळ्या नन्सची कपाळं अशीच असत, त्यामुळे मला काही विचारावं लागलं नाही.

"शकुन, हे जरा पुसतेस का?"

"का? वाकडं झालंय?"

"तसं नाही. शैलाला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

मी सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे तीन महिने मी त्या घरात ब्राह्मण म्हणून जातेय?"

"मी ब्राह्मण म्हटलं नाही. ती देशस्थ म्हणाली, मी हो म्हटलं."

"हां, मग फारच फरक आहे." ती हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "माझ्या आज्याला देशस्थांच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं ताई. त्याला हे कळायला हवं होतं."

"तू मला नंतर काय वाटेल ते बोल. आत्ता पुसून टाक."

तिने पिशवी उचलली. मग म्हणाली, "मी आपण होऊन काही सांगणार नाही. तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि पुसणार नाही. चला, आधी पट्टी करू."

पट्टी झाली. जखमेच्या कडा गुलाबी होत्या. शैला साबण आणि टॉवेल घेऊन आली आणि तिचं लक्ष शकुनच्या कपाळाकडे गेलं.

"अगंबाई, आज कुठल्या देवळात जाऊन आलात? एवढा अंगारा! मला द्या की चिमूटभर. ह्यांना लावते."

ती खरोखर तळहात पुढे करून उभी होती.

"शैलाताई, हा देवळातला नाही," शकुन म्हणाली. "चर्चमधला आहे. आजपासून आमचे उपास सुरू होतात."

"चर्चमधला म्हणजे?"

"मी ख्रिस्ती आहे."

शैलाने शकुनकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. हात अजून तसाच पुढे होता, तो तिने मागे घेऊन पदराला पुसला.

पलंगावरून दिगंबरराव म्हणाले, "असू दे... गं." त्यांचं बोलणं आम्हा इतरांपेक्षा शैलाला जास्त समजायचं. त्या वेळी तिने समजलं नाही असं दाखवलं.

"उद्यापासून तुम्ही येऊ नका," ती शकुनला म्हणाली. "आतापर्यंत केलंत त्याचे उपकार आहेत."

शकुनने पिशवी आवरली. कागदी घड्याळाकडे बोट करून म्हणाली, "कूस मात्र बदलत राहा." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी शैलाकडे गेले आणि चूक कबूल केली. तिने मला बस म्हटलं नाही.

"उन्मेष म्हणतो, हे लोक असेच घरात शिरतात. मी त्याला म्हटलं, तिने तीन महिन्यांत देवाचं नावसुद्धा काढलं नाही रे."

"मग येऊ दे तिला."

"वैशाली, तू मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तर तू हो म्हणाली असतीस का?"

"ते मला आता कधी कळणारच नाही. तू ठरवूनच टाकलंस, शैला अशी आहे. तीस वर्षांत मला एवढंच ओळखलंस?" ती रडत नव्हती. "आता तिला बोलावलं तर मी गरजेपोटी वाकले असं होईल. नाही. उन्मेषने नर्सिंग सेंटरमधून ट्रेन्ड माणसं लावलीत, दिवसाला एक, रात्रीला एक. तूही दमलीस, मीही दमले."

पट्टी तरी मीच करायची ठरवून मी बेहाल्याला गेले. शकुनने मला एका लोडावर पट्टी कशी करायची ते शिकवलं. लोडाला मधे भोक पाडून त्यातला कापूस ओढून काढला होता. माझे हात आता कापतात. चिमट्यात गॉझ धरली की ती चिमट्यासकट हलते. तरी चार फेऱ्यांत जमायला लागलं. तिने वाफवलेल्या पट्ट्यांचा डबा बांधून दिला.

शैलाने मला पाच दिवस पट्टी करू दिली. एकोणीस ते तेवीस फेब्रुवारी. माप सुरुवातीला चार बाय साडेतीन, पाचव्या दिवशी साडेचार बाय चार. पट्टी बांधता आली तरी एवढं धिप्पाड शरीर कुशीवर वळवून धरायला माझ्यात बळ नव्हतं, आणि सेंटरची माणसं दर दोन-तीन दिवसांनी बदलत. दिवसाची बाई भली होती, पण तिचीच कंबर गेलेली. रात्रीचा माणूस खुर्चीत झोपायचा. शैला आता गजर लावत नव्हती, कारण माणूस लावलेला होता.

पाचव्या दिवशी तिने विचारलं, "ह्या पट्ट्या कुठल्या? दुकानातल्या वाटत नाहीत."

ह्या खेपेला मी खरं सांगितलं. "शकुनने दिल्यात."

शैलाने डबा उचलला आणि माझ्या हातात दिला. "मग राहू दे," ती म्हणाली.

त्यानंतरची मापं माझ्याकडे नाहीत. चार मार्चला ताप चढला. सहा मार्चला इस्पितळात हलवलं. रक्तात विष पसरलं होतं. नऊ मार्चला, शनिवारी, पहाटे दिगंबरराव गेले.

मी शकुनला फोन केला. ती म्हणाली, "येते." मी म्हटलं, येऊन काय करणार? ती पुन्हा म्हणाली, "येते." दहा वाजता ती माझ्या घरी होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. खाली जाण्याचा प्रश्नच नव्हता.

उन्मेष दुपारी पोचला तेव्हा मी खाली शैलाकडे होते. दिगंबररावांना घरी आणलं होतं. मंडळातले दिलीपराव आणि आणखी दोघे अंघोळ घालायला म्हणून पुढे झाले. कूस वळवली आणि तिघेही मागे सरले. इस्पितळातली पट्टी भिजून सुटली होती. खोलीत उभं राहवत नव्हतं. नवं धोतर नेसवलं तर दोन मिनिटांत त्यावर डाग उमटला. ते काढून दुसरं नेसवलं, त्यावरही उमटला. दिलीपराव दाराशी येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, असं कसं न्यायचं?" उन्मेष भिंतीकडे तोंड करून उभा होता.

शैला माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती वर आहे ना? बोलाव."

शकुन आली. चपला बाहेर काढल्या. सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, मला मात्र थांबवलं. पाणी कोमट करून मागितलं. मी म्हटलं, आता कोमट कशाला? तिने पाण्यात मनगट बुडवून पाहिलं आणि कामाला लागली.

जखमेत मूठ गेली असती. तिने ती धुतली, आतलं सडलेलं काढलं, कापसाने नीट भरली, वर जाड घडी ठेवून कमरेभोवती पट्टा ओढून बांधला. अर्धा तास लागला. तेवढ्यात एकदाच बोलली. म्हणाली, "भाऊ, आता डाव्या कुशीला." सवयीने बोलली असावी. मग उजव्या हाताने त्यांना वळवलं आणि मी दुसऱ्या बाजूने धरलं.

धोतर पांढरं राहिलं. त्यांना नेलं.

शैलाने शकुनला हात धुवायला साबण दिला आणि कपाटातून एक कोरा टॉवेल काढून दिला. तो टॉवेल नंतर तिने कुठे ठेवला ते मी पाहिलं नाही.

माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी बसलो. शकुनने चहा नको म्हटलं.

"एप्रिलमध्ये मी त्यांना खुर्चीत बसवलं असतं," ती म्हणाली.

"माझ्यामुळे झालं शकुन."

"हो, तुमच्यामुळे." तिने ते मऊ करून सांगितलं नाही. "आणि माझ्यामुळे. राख पदराने पुसली असती तर दहा सेकंदांचं काम होतं. तुम्ही सांगितलंतही. मला वाटलं, हे पुसणं म्हणजे प्रभूलाच नाकारणं. आता वाटतं, त्याला काय फरक पडला असता? त्याला राख हवी होती का भाऊंची पाठ हवी होती?"

"मग? तो काय म्हणतो?"

"रोज विचारते. काही म्हणत नाही."

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून उठावं लागलं. म्हणाली, पुढच्या महिन्यापासून एवढ्या लांब येणं होणार नाही, पायऱ्या उतरवत नाहीत. बेहाल्यात दोघं आहेत, तेवढीच करीन. मी विचारलं, तुझ्यानंतर? तिच्या चर्चमधल्या दोन मुलींना तिने शिकवून पाहिलं होतं. एक दुबईला गेली. दुसरीला वास सहन होत नव्हता. "तिचा दोष नाही," शकुन म्हणाली. "वास येतोच."

मी गेटापर्यंत गेले. करुणामयी मेट्रो स्टेशनच्या दिशेने ती सावकाश चालत गेली. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली तेवढीच मला दिसली, मग ऑटोंच्या गर्दीत दिसेनाशी झाली. शैलाच्या घराचं दार उघडं होतं. मी आत गेले नाही आणि तिनेही हाक मारली नाही.

संध्याकाळी डायरीत लिहिलं: ९ मार्च, शनिवार. दिगंबर आगाशे गेले. शकुन येऊन गेली. फ्रिजमधलं परवाचं वरण आंबलं होतं, टाकून दिलं.